नाना परत येणार का?

२ मार्च, रविवार

'दुसरी चावी'चं तिसरं पर्व येणार. आज संध्याकाळी जाहिरात लागली. बंद दार, दाराखालून येणारी उजेडाची पट्टी, आणि आतून एका म्हाताऱ्याचा आवाज:

नदीकाठच्या निळ्या दगडा,
सांग कुणाची वाट पाहसी?
पाणी गेले, पक्षी गेले,
तू एकटा का मागे राहसी?

ओळी आमच्या चौथीच्या पुस्तकातल्या. आवाज कुणा नटाचा. पण म्हणण्याची लकब माझी आहे. 'वाट'वर थोडं थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि 'पाहसी' असं सोडायचं, जशी पाण्यात कागदाची होडी सोडावी. ही लकब जगात दोघांनाच ठाऊक. एक मी. दुसरा ही मालिका लिहिणारा, म्हणजे माझा मुलगा.

त्याची आई गेली, त्यानंतर आमच्यात शब्द नाही. भांडण म्हणावं तर भांडणही नाही. तेराव्याच्या आतच तो बॅग घेऊन निघाला आणि जिन्यात मागे वळला नाही. आता दर भागाला पडद्यावर 'लेखक' म्हणून त्याचं नाव येतं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

धाकटी कुणाच्या तरी पडद्याला दुमड घालत बसली होती. (धाकटी म्हणजे माझी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून ती माझ्याकडे राहते. ती सांगते, मी तिच्याकडे राहतो.)

"परत तेच? दादा, दुसरं काही बघायला नाही का तुला?"

"अगं, तो मला हाक मारतोय."

"हाक मारायची तर फोन आहे की."

तिला कविता कळत नाही. शिवणकाम करणाऱ्या माणसाला सगळं सरळ रेषेतच लागतं.

६ मार्च

फोनच्या दुकानातल्या माणसाने मला 'चावीवाले' नावाच्या ग्रुपात घालून दिलं. या मालिकेवर जीव टाकणारी शेकडो माणसं तिथे दिवसभर एकच चघळत असतात: नव्या पर्वात काय होणार? सगळे टोपणनावाने. मी 'यमक' झालो.

मालिकेतला तपास अधिकारी गायनशिक्षिकेच्या खुनाचा माग काढत स्वतःच्याच जुन्या घराशी येतो. वडिलांना त्याने कित्येक वर्षं पाहिलेलं नाही. दुसरं पर्व संपलं ते त्या दारावर. अधिकारी कडीला हात घालतो, म्हणतो, "नाना?" आणि पडदा काळा. नाना. मालिकेतल्या बापाला पोराने दुसरं नावसुद्धा दिलं नाही. घरात मला नानाच म्हणायचे.

तेव्हा ग्रुपापुढे दोन प्रश्न. नाना जिवंत आहे का? आणि खून नानाने केला का?

इथला एक नियम मला फार पटला. दावा करायचा तर भाग आणि मिनिट सांगायचं. "नाना डावखुरा आहे. पर्व दोन, भाग चार, अठरावं मिनिट." नाही सांगितलं तर दावा रद्द. मी जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले, खोटा दावा मला वासावरून कळायचा. म्हटलं, आलो आपल्या माणसांत.

पण दिवसभर वाचून तोंड कडू झालं. जवळजवळ सगळ्यांचं मत, नाना खुनी. त्यांचा म्होरक्या 'वकील'. हा वकील नाही, बुटांच्या दुकानात विकायला उभा असतो. पण वाद घालतो म्हणून ते नाव. त्याने लिहिलं, "ज्या बापाने पोराला तसं वागवलं, तो काय नाही करणार?"

मी विचारलं, "तसं म्हणजे कसं?"

त्याने प्रसंगच पाठवला. पर्व दोन, भाग पाच. स्वयंपाकघर. मुलगा स्टुलावर उभा राहून कविता म्हणतोय. एक शब्द चुकतो. खुर्चीतला नाना काही बोलत नाही, नुसतं बटण दाबतो. अंधार. मुलगा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. बंद दाराच्या फटीत आईची सावली.

अरे, हा तर आमचा खेळ! ओळ चुकली की दिवा बंद, बरोबर आली की दिवा सुरू. अंधारात शब्द गोड लागतात. डोळ्यांना काम नसलं की कान मोठे होतात. काय मन लावून म्हणायचा पोरगा! त्या कडव्याला तर आवाज थरथरायचा. एवढ्या वयात इतका भाव, मी थक्क व्हायचो.

आणि हे लोक त्याला छळ म्हणतात. यांच्या घरात कधी कुणी चार ओळी मोठ्याने म्हटल्या असतील, तर शपथ.

१४ मार्च

धाकटीला तो प्रसंग दाखवला. चष्मा वर करून तिने पुरता पाहिला.

"वहिनी अशीच उभी असायची दाराबाहेर," ती म्हणाली.

"ऐकायला. तिलाही गोडी होती."

"मग आत का नाही यायची?"

"दार लावलेलं असायचं ना. एकाग्रता नको?"

धाकटीने दातांनी दोरा तोडला आणि दुसरा पडदा घेतला. मग तिच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, तशी ती गॅलरीत गेली. आठवड्यातून दोन-तीनदा येतो. आज कानावर आलं, "जेवलास का? काहीतरी गरम खात जा रे." पडद्याच्या गिऱ्हाइकाला असं कोण विचारतं? पण तिचा जीवच मायाळू. म्हणून तिला शिलाईचे पैसे कुणी वेळेवर देत नाही.

२२ मार्च

आज हातून एक गोष्ट झाली. बरी की वाईट, ठरत नाही.

ग्रुपात नव्या भित्तिपत्रकाची चिरफाड चालली होती. टेबलावर काळी बाटली आहे, तिच्यात काय? वकील म्हणाला विष. 'नर्सबाई' (ती खरीच इस्पितळात नर्स आहे, आणि तिथे तेवढीच सभ्य) म्हणाली, "खोकल्याचं औषध असेल. नाना म्हातारा झालाय. मला वाटतं, या वेळी अधिकारी त्याला माफ करणार."

माफ! कशाबद्दल? तरीही तिचं बरं वाटलं. उत्साहात मी लिहिलं, "कविता बिनचूक झाली की नाना मुलाच्या तळहातावर पेपरमिंटची गोळी ठेवायचे. असा माणूस खून करील?"

वकील: "भाग? मिनिट?"

मी दोन्ही पर्वं पालथी घातली. गोळी कुठेच नाही. स्टूल आहे, खुर्ची आहे, बटणाचा तो 'खट' आवाज आहे, नेमका आमच्याच बटणाचा. गोळी नाही. लिहिणाऱ्याच्या हातून राहून जातं असं कधीकधी.

तोवर तिकडे माझी टर उडवणं सुरू. "यमक काकांनी स्वप्नात पाहिला तो भाग." "काका, गोळी तुम्ही कसली घेतलीत?" मग एका बाईने लिहिलं, "असल्या बापाला जाळला पाहिजे," आणि तिला बदाबदा अंगठे.

माझं डोकं फिरलं. लिहिलं, "भाग नाही, मिनिट नाही. मी स्वतः होतो तिथे. ही मालिका लिहिणारा माझा मुलगा आहे."

सगळा ग्रुप चिडीचूप. शाळा-तपासनीस आत शिरल्यावर वर्ग व्हायचा तसा.

नर्सबाईने वेगळा निरोप पाठवला. "काका, खरंच?"

"खरंच."

"मग तो दिवा..."

"आमच्याच स्वयंपाकघरातला!"

बराच वेळ ती लिहीत होती, खोडत होती. शेवटी एवढंच आलं: "सॉरी काका." संशय घेतल्याबद्दल वाटलं असेल बिचारीला. मी कळवलं, मनात काही ठेवू नका.

६ एप्रिल

आज घरी पाहुणे. वकील आणि त्याचा कॅमेरेवाला मित्र. वकिलाचं एक व्हिडिओ चॅनल आहे. त्यावर त्याला 'खऱ्या नानां'ची मुलाखत घालायची होती. ग्रुपात मला रद्द करणारा माणूस आज दारात चपला काढून वाकला. म्हटलं, ये बाबा. कवितेच्या दारात सगळे सारखे.

मी इस्त्रीचा सदरा घातला. धाकटीला म्हटलं, चहा टाक. "तूच टाक," म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन तिने मशीन सुरू केलं. आवाज नको म्हणून वकिलाने दोनदा सांगितलं, पण हिची टाच काही थांबेना.

मी मनसोक्त बोललो. आमच्या वेळचे पंतोजी, तालावर म्हटलेले पाढे, पुस्तकाच्या पानात दाबून ठेवलेलं फूल. वकिलाचं लक्ष मात्र स्टुलाकडे. "नाना, तो खेळ दाखवा ना. मी होतो तुमचा मुलगा."

चढला की स्टुलावर! पोट सावरत 'नदीकाठच्या' सुरू केलं, आणि दुसऱ्याच ओळीला गाडं अडलं. मी बटण दाबलं. खट. तो अंधारात ओरडला, "अहो नाना, पडेन!" हसून हसून आमची पुरेवाट झाली. किती वर्षांनी या स्वयंपाकघरात हसू आलं.

"मुलगा रडायचा का हो?" त्याने विचारलं.

"रडायचा की! मुलं रडतातच. पण पाठ व्हायचं. आज त्याच ओळींवर त्याचं पोट चालतंय, बघा."

शेवटी कॅमेऱ्याकडे पाहून मी सांगून टाकलं, "या पर्वात नाना परत येणार. लिहून घ्या. मुलाचं मन बापाला नाही कळणार, तर कुणाला?"

ते गेल्यावर धाकटी बाहेर आली. स्टूल उचललं आणि माळ्यावर टाकलं. गुडघ्याचं दुखणं आहे तिला, तरी.

"असू दे की खाली. लागतं," मी म्हटलं.

"कुणाला लागतं?"

१० एप्रिल

मुलाखत लाखो लोकांनी पाहिली म्हणे. खाली प्रतिक्रियांची ही रीघ. "अंगावर काटा आला," असं कितीतरी जणांनी लिहिलंय. शुद्ध कविता शुद्ध म्हटली की येतोच. एकाने विचारलंय, "हे हसतायत कसे?" आनंदाने हसणारा म्हातारा या पिढीने पाहिलेलाच नाही, त्याला मी काय करू?

१३ एप्रिल, रविवार

त्याचा फोन आला!

दुपारी. मी नंबर ओळखला नाही.

"नाना, मी."

आवाज जाड झालाय. माझ्या तोंडून काय निघावं? "जेवलास का?"

"तो व्हिडिओ पाहिला."

"कसा वाटला? माझा 'वाट'वरचा श्वास ऐकलास? अजून टिकलाय."

"तुम्ही दिवा बंद केलात. आणि हसलात."

"अरे, सगळेच हसले."

पलीकडून नुसता गाड्यांचा आवाज येत होता. रस्त्यावर उभा असावा.

"मला वाटायचं, तुम्हाला आठवत नसेल," तो म्हणाला. "तेवढं एक धरून होतो मी. तुम्ही विसरलात, म्हणून कधी काही म्हणत नाही, असं."

"विसरेन कसा? शब्द न् शब्द आठवतो."

"हो. दिसलं ते."

मी विचारलं, नव्या पर्वात काय केलं आहेस? एरवी असं सांगत नाहीत, पण मी घरचा माणूस. तो म्हणाला, "शेवटचा भाग पुन्हा लिहायला घेतलाय. सगळं थांबवून."

"माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे."

आणि ठेवला. मी तसाच खुर्चीत बसलो. डोळे भरून आले. जे मोठमोठ्या नटांना जमत नाही ते एका म्हाताऱ्याच्या चार ओळींनी केलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं काम पोराने बापासाठी थांबवलं!

धाकटीला सांगितलं, तर मशीनवरचा तिचा हात तिथेच राहिला. "शेवटचा भाग म्हणाला? नीट ऐकलंस?" मग फोन घेऊन गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. परत आली तेव्हा डोळे लाल. त्या बाजूला दुपारचं ऊन फार येतं.

१९ मे

वाट पाहण्याचे दिवस. ग्रुपात पुन्हा मतं घेतली: नाना परत येणार का? या वेळी 'हो' भरघोस पुढे. पण माणसं उतावळी झाली आहेत. "काका, मुलाला विचारा ना, खुनी कोण?" मी काय विचारणार, त्याचा तो नंबर लागत नाही. मी गूढ हसल्याचं चित्र पाठवतो. पूर्वी त्यावर शंभर उत्तरं यायची, आता वकीलसुद्धा म्हणतो, "काका, नवीन काही असेल तर बोला."

नर्सबाईने ग्रुप सोडला. जाताना मला लिहिलं, "काका, मुलाला एकदा सॉरी म्हणा. जमलं तर आजच."

मी विचारलं, "कशाबद्दल?"

तिने वाचलं. उत्तर नाही. इस्पितळात फार काम असतं.

२८ जून, शनिवार

शेवटचा भाग झाला. आज अक्षर वाईट येणार.

या पर्वात नाना आतापर्यंत दिसलाच नव्हता. मी म्हणत होतो, शेवटासाठी राखून ठेवलाय. आज कुठे अधिकाऱ्याने ते दार ढकललं. आत रिकामी खोली. टेबलावर टेपरेकॉर्डर, आवाज त्यातून येतोय. खुनी निघाला भाडेकरू; आपण घरातच आहोत असं लोकांना वाटावं म्हणून रोज जुनी टेप लावायचा.

शेजारीण दारात येते. "कोण हवंय? नाना? ते जाऊन वर्षं झाली. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

अधिकारी म्हणतो, "कळवलं होतं."

बस्स. एवढंच. मग तो टेप बंद करतो. ओळ 'सांग कुणाची'पाशी तुटते. पुराव्याच्या पिशवीत टाकतो, वर चिठ्ठी लावतो आणि विचारतो, "भाडेकरू कधीपासून राहतो?" चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तो नट चांगला आहे, हे मला कबूल केलं पाहिजे.

ग्रुपात शिव्यांचा पाऊस. "एवढी वाट पाहायला लावली आणि टेप?" "लेखकाला मारा कुणीतरी." वकिलाने हात जोडल्याचं चित्र टाकलं: "यमक काकांना भावपूर्ण श्रद्धांजली." खाली हसून लोळणारे चेहरे, ओळीने. मी प्रत्येक चेहरा पाहिला. मग एकेक जण ग्रुप सोडू लागला.

२९ जून

सकाळी डोकं शांत झालं, आणि लक्षात आलं. धाकटीला म्हटलं, "प्रेत दाखवलेलं नाही! नुसती शेजारीण सांगते. रहस्यकथेत प्रेत दिसल्याशिवाय माणूस मेला असं धरत नाहीत. चौथ्या पर्वात बघ तू."

ती घड्या घालत होती. हातातला पडदा तिने पलंगावर ठेवला.

"दादा, बस इथे. आधीच्या लिखाणात त्याने दार उघडलं होतं, आणि आत तू होतास. तो तुझ्यासमोर बसतो आणि म्हणतो, नाना, आज तुम्ही म्हणा, मी ऐकतो. तू म्हणतोस, आणि तुझी ओळ चुकते. तो काही म्हणत नाही. नुसता हात धरतो. संपलं. मला वाचून दाखवलं होतं त्याने, मार्चमध्ये. फोनवर रडलो आम्ही दोघं."

"माझी ओळ चुकते?" मी म्हटलं. "माझी कधी चुकली नाही."

तिने चष्मा काढून पुसला.

"मग बदललं कशाला त्याने?"

"तू स्टुलावर माणूस चढवलास, म्हणून."

"पण मी जिवंत आहे. त्याला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक असूनच लिहिलंय." तिने पडदा पुन्हा उचलला. "आणि हे बघ, हे बाहेर बोलायचं नाही. विश्वासाने वाचलं होतं त्याने माझ्यापाशी. या घरातल्या एका माणसाशी तरी बोलतो तो. तेवढं राहू दे."

"मी कुणाला सांगणार आहे!"

दुपारभर पडून होतो. दार उघडलं होतं. आत मी होतो. त्याने हात धरला होता. असा शेवट असताना लोकांनी ती टेप पाहावी, आणि मला हसावं? नियमाने बोलायचं तर माझ्यापाशी पुरावा आहे, तोही लेखकाच्या तोंडचा.

पाच वाजता ग्रुपावर सगळं लिहून टाकलं. फक्त ओळ चुकल्याचं गाळलं.

क्षणात माणसं जमली. सोडून गेलेलेसुद्धा परत येतायत. "काका, काय सांगता!" "बदललं का?" "कुणी सांगितलं तुम्हाला?" "मूळ शेवट मिळालाच पाहिजे!" वकील म्हणतोय, तासाभरात व्हिडिओ टाकतो. फोन हातात थरथरतोय, चिमणी धरावी तसा.

आतून धाकटी हाक मारतेय. तिच्या फोनवर काहीतरी आलंय वाटतं. तिसऱ्यांदा हाक मारली. जातो थोड्या वेळाने. आधी या लोकांना सांगू दे, कुणी सांगितलं ते.